लकवा झालेल्या वडिलांसाठी रोबो घ्यावा का? सांगलीतल्या एका घराचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत गावभागात तळमजल्याचं जुनं घर. वडील ७८ वर्षांचे, उजव्या अंगावरून लकवा गेलेला, वजन ६८ किलो. आई ७२ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. तुम्ही पुण्यात. केर, फरशी, भांडी यांना मावशी येतात, पण आठवड्यात एक-दोन खाडे ठरलेले. घरकाम आणि सेवा करणारे रोबो निघालेत असं वाचून तुम्ही भावंडं पैसे जमवताय. घ्यावा का, आणि कोणता?

माणसासारखा दिसणारा, सगळं करणारा रोबो आत्ता घेऊ नका. घरातली कामं तीन जागी असतात: जमिनीवर, ओट्यावर आणि अंगावर. जमिनीवरचं काम यंत्र बऱ्यापैकी करतं, ओट्यावरचं निम्मं करतं. अंगावरचं काम, म्हणजे कूस बदलणं, धुणं-पुसणं, भरवणं, हे माणसाच्याच हाताने होतं. तिथे यंत्राने करायचं ते एवढंच, की त्या माणसाची कंबर मोडू द्यायची नाही. पैसे मात्र या क्रमाने लावा: आधी अंगाचं, मग जमिनीचं, शेवटी ओट्याचं.

मानवाकृती रोबोचं सध्या काय चाललंय ते आधी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वनएक्स या कंपनीने ‘निओ’ नावाचा घरगुती रोबो २०,००० डॉलरला जाहीर केला, म्हणजे आपले सतरा-अठरा लाख, आयातकर वेगळा. वजन सुमारे ३० किलो, पहिली विक्री अमेरिकेत. त्याला न येणारं काम पुढे आलं की कंपनीचा माणूस दूर बसून, रोबोच्या डोळ्यांतून तुमचं घर बघत ते करून देतो. हे कंपनीच सांगते. घड्या घालणं, दार उघडणं, पेला आणून देणं इथवर तो पोचेल. एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला उचलणं ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. जपानच्या रिकेन संस्थेने २०१५ मध्ये नेमका त्याच कामाचा ‘रोबेअर’ दाखवला होता, अस्वलाच्या चेहऱ्याचा, माणसाला दोन्ही हातांवर घेऊन खुर्चीत बसवणारा. स्वतःचं वजन १४० किलो. तो बाजारात विक्रीला आला नाही. उचलताना माणूस घाबरून आखडतो, मध्येच खोकला येतो, अंग एका बाजूला ढळतं. तेवढ्यात उलटू नये म्हणून यंत्र बुडाशी जड करावं लागतं, आणि जड यंत्र घरातल्या २७ इंची दारातून वळत नाही.

म्हणून आधी पलंग. जुन्या घरात हमखास लाकडी दिवाण किंवा खाली सामानाचा खण असलेला बॉक्सचा पलंग असतो. तो आजाऱ्याच्या खोलीतून काढा. कारण सोपं आहे: पेशंट लिफ्टरचे, म्हणजे माणसाला झोळीत घालून उचलणाऱ्या चाकांच्या यंत्राचे, दोन पाय पलंगाखाली शिरावे लागतात, त्यांची उंची साडेचार इंचांच्या आसपास असते, आणि बॉक्सखाली बोटभरही जागा नसते. लिफ्टर आधी आणला आणि पलंग नंतर पाहिला, अशा घरात लिफ्टर कोपऱ्यात कपडे वाळत घालायला उभा असतो. साध्या लोखंडी फाउलर कॉटखाली (दवाखान्यातली, डोक्याची बाजू वर होणारी) जागा भरपूर असते. मोटरची कॉट हवीच असं नाही. हाताने फिरवायच्या दांड्याची चालते, वीज गेली तरी डोकं वर करता येतं. मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांतून कॉट, कमोड खुर्ची, व्हीलचेअर भाड्यानेही मिळतात. पहिले दोन महिने भाड्यानेच घ्या. मापं चुकली तर बदलता येतं.

कॉटवर एअर बेड, म्हणजे फुगे आळीपाळीने भरणारी आणि सोडणारी हवेची गादी. ही दोन ते पाच हजारांची वस्तू तुमच्या घरात कुठल्याही रोबोपेक्षा जास्त काम करणार आहे, म्हणून हिच्यावर चार ओळी जास्त. पंपावर वजनाची खुंटी असते. ६८ किलोला जिथे सांगितली आहे तिथे ठेवा. पुष्कळ घरांत ‘मऊ लागावं’ म्हणून ती सगळ्यात खाली असते आणि मग माणूस फुग्यांतून खाली बुडून थेट कॉटच्या पत्र्यावर टेकतो. तपासायची रीत अशी: वडील पाठीवर असताना त्यांच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेची गादी आणि खालची गादी यांच्या मध्ये, तळहात वर करून हात सरकवा. हाताला त्यांचं हाड टोचत असेल तर हवा कमी आहे. मध्ये किमान एक इंच हवा लागली पाहिजे. हे आठवड्यातून एकदा, आणि वीज जाऊन आल्यावर दर वेळी. गादीवर एकच सुती चादर, तीही सैल. वर जाड रजई किंवा रबरी कापडाच्या दोन घड्या घातल्या की फुग्यांचा उपयोग संपतो.

पंपाला दहा वॉटच्या आत-बाहेर वीज लागते, म्हणजे घरातला इन्व्हर्टर तो दिवसभर सहज ओढतो. अडचण वेगळीच असते. इन्व्हर्टरच्या लाइनवर बहुतेक घरांत पंखे आणि दिवेच घेतलेले असतात, पलंगाजवळचा प्लग नसतो. वीज गेली की पंखा चालू, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गादी हळूहळू बसते. वायरमनला बोलावून पलंगाजवळचा एक प्लग आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरवर घ्या. तासाभराचं काम आहे.

हवेची गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दर दोन तासांनी पाठ, डावी कूस, उजवी कूस. अगदी ९० अंशांत आडवं करू नका. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे मांडीच्या हाडावर भार येत नाही. लुळ्या बाजूवर निजवताना उजवा खांदा अंगाखाली दुमडू न देता थोडा पुढे काढून ठेवा. टाचांखाली काही नको, पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा: पांढरा होऊन परत लाल झाला तर दाब काढल्यावर जाईल, दाबूनही लालच राहिला तर तो शय्याव्रणाचा पहिला टप्पा आहे. त्या जागेवर पुन्हा भार नको, आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे चोळू नका, पावडर थापू नका.

आता लिफ्टर. अमेरिकेत परिचारिकांच्या सुरक्षेसाठी जो हिशोब मान्य झाला आहे तो सांगतो, की रुग्ण हाताने उचलताना एका माणसावर १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. वडील ६८ किलो. आई आणि मावशी मिळूनही हा हिशोब बसत नाही. आईंचे गुडघे जे गेलेत त्यात या उचलण्याचा वाटा असणारच. हाताने पंप करायचा हायड्रॉलिक लिफ्टर १५० किलोपर्यंत उचलतो, त्याला वीज लागत नाही, आणि तेलाचा सील सोडला तर बिघडण्यासारखं त्यात फारसं नाही. बॅटरीवरचा घेतला तर वीज नसताना हाताने खाली आणायची सोय आहे ना, ती दुकानात चालवून बघा. फिरवायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. छताला रूळ लावून त्यावरून सरकणारी व्यवस्थाही मिळते. पण सांगली-साताऱ्यातल्या पेठांमधल्या लाकडी तुळयांच्या, माळवदाच्या घरात तिचा विचार नको, आणि स्लॅब असला तरी इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

कॉटवरून खुर्चीत न्यायची रीत नीट बघून घ्या, कारण यात घाई केली तर माणूस पडतो. व्हीलचेअर कॉटशेजारी आणा, ब्रेक लावा, पायाच्या पट्ट्या बाजूला करा. वडिलांना एका कुशीवर वळवा. स्लिंग, म्हणजे कापडी झोळी, लांबीत अर्धी दुमडून पाठीशी ठेवा: खालची कड माकडहाडाशी, वरची खांद्याच्या वर. दुसऱ्या कुशीवर वळवून दुमडलेला भाग ओढून सपाट करा. पायाचे दोन पट्टे मांड्यांखालून आत काढा आणि एकमेकांतून ओलांडून अडकवा, नाहीतर मांड्या फाकतात आणि माणूस मधून घसरतो. लुळा हात पोटावर, झोळीच्या आत. लिफ्टरचे पाय पलंगाखाली घालून रुंद उघडा. खांद्याचे पट्टे आखूड फासाला, पायाचे लांब फासाला अडकवले की बसलेली अवस्था येते. डाव्या-उजव्या बाजूंचे जोडीचे फास एकाच रंगाचे. उचलताना लिफ्टरच्या चाकांचे ब्रेक लावायचे नाहीत. लावले तर भार आला की तो सरकून स्वतःचा मध्य साधू शकत नाही आणि कलतो. गादीपासून दोन इंच वर आले की थांबा. चारही फास हाताने ओढून बघा. मगच मागे घ्या, वळवा, खुर्चीवर आणा, आणि गुडघ्यांवर हलका हात ठेवून पाठीकडे रेटत खाली सोडा म्हणजे ते सरळ मागे टेकून बसतात. पहिले पंधरा दिवस दोन माणसं. आईंनी एकटीने करायचं नाही, कधीच.

झोळी मापाची हवी. मोठी झाली तर माणूस आत गोळा होतो, लहान झाली तर मांडीत रुतते. शिवणी दर आठवड्याला बघा, ब्लीचमध्ये टाकू नका. आणि काही झालं तरी उजव्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका. लकव्यात खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, तो खाली निसटतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. वर सरकवायचं असेल तर खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलून सरकवा.

जमिनीकडे येऊ. झाडू-पोछा रोबो म्हणजे ती फिरणारी चकती. अशा यंत्रांपैकी गाजलेलं ‘रूम्बा’ २००२ मध्ये आलं, तेव्हा ते धडकत धडकत फिरायचं; आताची यंत्रं लेझरने खोलीचा नकाशा काढून पट्ट्यापट्ट्याने फिरतात. मध्यम प्रतीचं पुरतं. जाहिरातीतल्या पास्कलच्या, म्हणजे ओढीच्या, मोठ्या आकड्यांवर जाऊ नका, ते गालिच्यांच्या देशात कामाचे. आपल्या फरशीवर कमी ओढीतही केर निघतो. विकत घेण्याआधी टेप घेऊन घरातून एक फेरी मारा. लेझरचं टोपण धरून यंत्राची उंची साधारण १० सेंटिमीटर असते, म्हणजे कपाट-कॉटखाली ११ तरी हवी. उंबरठा बहुतेक यंत्रं २ सेंटिमीटरपर्यंतच चढतात. गावभागातल्या जुन्या घरांत आतल्या खोल्यांनाही दोन-अडीच इंचांचे उंबरठे असतात. तिथे छोटी लाकडी पाचर ठोकायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. आईंचा पाय त्या उतारावरून घसरेल. करायचाच तर व्हीलचेअरचा उतार करा: एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे अडीच इंचांच्या उंबरठ्याला अडीच फूट, दोन्हीकडे. त्यावरून खुर्चीही जाते आणि रोबोही. जागा नसेल तर आतले उंबरठे काढून टाका. पुढच्या दाराचा उंबरठा, ज्यावर हळदीकुंकू वाहिलं जातं, त्याला हात लावायची गरज नाही. रोबोला बाहेर जायचं नाहीये.

आपल्याकडची खास अडचण कडप्प्याची. खोल्यांच्या मध्ये, न्हाणीच्या तोंडाशी, देवघरापुढे काळ्या कडप्प्याची पट्टी असते. रोबोच्या पोटाला चार-सहा सेन्सर असतात. ते खाली अवरक्त उजेड टाकतात आणि परत किती आला ते बघतात. परत आला नाही म्हणजे पुढे पायरी आहे, मागे फिर. काळा, पॉलिश केलेला दगड तो उजेड गिळतो. त्यामुळे सपाट जागेवर यंत्र दरीसमोर उभं राहिल्यासारखं थबकतं, गोल फिरतं आणि ‘अडकलो’ म्हणून फोनवर निरोप पाठवतं. सेन्सरवर पांढरा कागद चिकटवायची युक्ती सगळीकडे सांगतात. तुमच्या घरात ओसरीला पायऱ्या आहेत, तिथून ते खरंच खाली पडेल. त्याऐवजी कडप्प्यावर ४० सेंटिमीटर रुंद, फिक्या रंगाची, चकाकी नसलेली व्हिनाइलची पट्टी चारी कडा पक्क्या चिकटवून बसवा. कड उचललेली राहिली तर पुन्हा आईंचा पाय. शहाबादी फरशीवर ही अडचण येत नाही, मात्र खडबडीत शहाबादीवर पुसणं नीट होत नाही, सांध्यांतली माती तशीच राहते. मोठा आरसा किंवा काचेचं कपाट जमिनीपर्यंत असेल तर लेझर काचेतून आरपार जातो किंवा आरशावरून उलटतो आणि नकाशात नसलेली खोली उगवते. त्यासमोर ॲपमध्ये बंदी-रेघ ओढा.

आजाऱ्याच्या घरात या यंत्राचे तीन धोके आहेत आणि ते कुठल्याही डब्यावर छापलेले नसतात. पहिला, ओलं. लघवी, उलटी, सांडलेलं पेज-दूध, यंत्राला ओल्या-कोरड्यातला फरक कळत नाही. ते चाकांनी घरभर पसरतं, आणि आत ओढलं गेलं तर मोटर जाते. दुसरा, नळ्या. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी मूत्राशयाच्या खालीच टांगावी लागते, म्हणजे जमिनीजवळ. बाजूचा फिरता ब्रश त्या नळीला गुंडाळतो आणि ओढतो. ऑक्सिजनची नळी, पंपाची वायर, सगळ्यांचं तेच. म्हणून कॉटच्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट बंदी-क्षेत्र ठेवा. तेवढी जागा मावशी हाताने पुसतील. तिसरा, आईंचे पाय. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला चार इंच उंचीची सरकती वस्तू दिसत नाही. ठरलेली वेळ लावा, आई चहा घेऊन खुर्चीत बसलेल्या असतात ती, आणि ‘तुम्ही फोनवरून पुण्याहून कधीही चालू करा’ ही सोय अजिबात वापरू नका.

निगा अशी. कचऱ्याचा डबा ३००-४०० मिलीलिटरचा, रोज रिकामा. उसाचा हंगाम चालू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांची आणि फडात पेटवलेल्या पाचटाची काजळी घरात येते. ती फार बारीक असते, फिल्टर दोन दिवसांत गच्च होतो आणि ओढ कमी होते. मोटर बिघडली असं वाटतं, पण फिल्टर झटकला की काम होतं. फिल्टर धुवायचा प्रकारचा असेल तर धुतल्यावर पुरा एक दिवस वाळू द्या, दमट घातला तर वास येतो आणि बुरशी धरते. रांगोळी, हळद, पीठ यांचंही तेच, म्हणून रांगोळीची जागा बंदीत घाला. ब्रशात गुंतलेले केस आठवड्याला कात्रीने कापा. पाण्याच्या टाकीत फिनेल नको, साधं पाणी. तेलकट फिनेलने बारीक छिद्रं बुजतात. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर क्षार धरतात, फिल्टरचं पाणी घाला. पुसायचं फडकं रोज धुऊन उन्हात. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे, पण ते माणसाचं काम आहे आणि कोणाचं ते आधी ठरलं पाहिजे. वायफाय बहुतेक यंत्रांना २.४ गिगाहर्ट्‌झचंच लागतं. राउटरवर २.४ आणि ५ अशा दोन्ही वायफायचं नाव एकच असेल तर जोडणी अडते, नावं वेगळी करा. घेताना दुकानदाराला एकच विचारा: या मॉडेलचा बाजूचा ब्रश, फिल्टर आणि बॅटरी आज तुमच्याकडे आहे का? बॅटरी काही वर्षांत उतरतेच.

कॅमेऱ्याचं यंत्र आजाऱ्याच्या घरात नको, लेझरचंच घ्या. २०२२ मध्ये उघड झालं, की अशा यंत्राच्या चाचणी-मॉडेलने टिपलेले घरांतले फोटो, त्यात शौचाला बसलेल्या एका बाईचाही, समाजमाध्यमांवर पोचले होते. वडिलांचं अंग दिवसातून चार वेळा उघडं होतं. त्यांना नीट बोलता येत नसलं तरी लाज आहे.

ओट्याचं थोडक्यात. भांड्यांचं मशीन तुमच्या घरी चालेल, पण टाकी नळापेक्षा किमान दहा फूट उंच असेल तरच. बहुतेक मशीनला ०.३ ते ०.५ बार दाब लागतो आणि दहा फुटांना ०.३ मिळतो. जड पाण्याला त्याचं खास मीठ घालत राहावं लागतं. स्टील उत्तम निघतं, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, लोखंडी तवा गंजतो. पोळी करणारी यंत्रं गव्हावर चालतात. जोंधळ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, गरम पाण्यात मळून हातानेच थापावं लागतं. भाकरीसाठी यंत्राच्या नादी लागू नका. वडिलांना भरवायचं काम मात्र कुठल्याही यंत्राला, यांत्रिक हातालाही, देऊ नका. लकव्यात गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जातो. सरळ बसवून, छोटा घास, गिळलेला बघून दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

लक्ष ठेवण्याची साधनं. बोलून चालवायचं यंत्र वडिलांसाठी आणणार असाल तर थांबा. उजव्या अंगाचा लकवा म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र तिथेच असतं. त्यांचे शब्द अडखळतात, मराठी समजणाऱ्या यंत्रालाही त्यांचं बोलणं समजत नाही, आणि चार वेळा ‘पुन्हा सांगा’ ऐकल्यावर ते बोलायचंच सोडतात. त्यांच्या डाव्या हाताला पोचेल असं साधं बटण बसवा, बेल आईंच्या खोलीत आणि आवाज मोठा. गप्पा मारणारी खेळणी-यंत्रं घेताना हेही लक्षात असू द्या की त्यांचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. अमेरिकेत मुलांसाठीचा ‘मॉक्सी’ रोबो ७९९ डॉलरला विकला गेला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनीचे पैसे संपल्यावर सेवा बंद होत असल्याचं घरोघर कळवावं लागलं. जपानच्या ‘पारो’ या सीलच्या पिल्लासारख्या यंत्राने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना बरं वाटतं हे खरं आहे, पण तुमच्या वडिलांची बुद्धी शाबूत आहे. त्यांना रेडिओ द्या.

आईंसाठी, त्या रात्री पडू नयेत म्हणून: कॉटपासून न्हाणीपर्यंत हालचालीने लागणारे दोन-तीन छोटे दिवे, न्हाणीत भिंतीत पक्का बोल्ट केलेला दांडा (चिकटणारा व्हॅक्यूमचा नको, ओल्या टाइलवर सुटतो), आणि न्हाणीच्या दाराला एक सेन्सर. दार उघडून वीस मिनिटांत परत हालचाल नाही तर निरोप. तो निरोप आधी शेजारी जावा, मग तुम्हाला. पुण्याहून सांगलीला यायला चार तास लागतात, शेजाऱ्याला दोन मिनिटं.

एवढं सगळं केल्यावर मावशींचं काय, हा तुमच्या पत्रात नसलेला पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. रोबो आला म्हणून पगार कापू नका. केर-फरशीतून सुटलेला पाऊण तास अंगाच्या कामाला लावा आणि त्यासाठी पगार वाढवा: सकाळी लिफ्टरवर दुसरा हात, झोळी धुणं, रोबोची दहा मिनिटं. त्यांना शिकवा, त्यांच्यासमोर ॲपही उघडा. घरात ‘मशीन बिघडलं’ म्हणणारं पहिलं माणूस त्याच असणार. खाडे वाढतात त्यामागे बहुतेकदा कंबर आणि तुटपुंजा पगार असतो. आठवड्याची एक सुट्टी ठरवून द्या आणि त्या दिवसासाठी दुसरी बाई आधीच लावून ठेवा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. मावशींची नोंदणी नसेल तर कागदपत्रांना मदत करा. रात्रीसाठी शक्य असेल तर नर्सिंग ब्यूरोचा माणूस ठेवा, आठवड्यातून तीन रात्री तरी. दर दोन तासांनी उठणारी ७२ वर्षांची बाई सहा महिन्यांत स्वतः अंथरुणाला लागते, आणि रात्रीची कूस बदलून देणारं यंत्र मी तुम्हाला अजून भरवशाने सुचवू शकत नाही.

शेवटी नदी, आपली कृष्णा. गावभाग, तळमजला; २००५, २०१९, २०२१ चे पूर तुम्हाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. धडधाकट माणसाला ४५ ला निघून चालतं, तुमच्या वडिलांना नाही. कॉट, गादी, पंप, झोळी, औषधं आणि माणूस हलवायला अर्धा दिवस जातो. ४० ची बातमी आली की हलवायला लागा, पाऊस थांबलेला दिसत असला तरी. कुठे जायचं ते घर मे महिन्यातच ठरवा, तिथलं दार मोजून ठेवा, इन्व्हर्टरवरचा प्लग बघून ठेवा. लिफ्टर जड आहे, तो राहू दे, पण झोळी आणि एअर बेड बरोबर घ्या. रोबो माळ्यावर टाका. पाण्यात बुडालेलं लिथियम बॅटरीचं कुठलंही यंत्र वाळवून पुन्हा चार्जिंगला लावायचं नाही, वरून कोरडं दिसलं तरी. आतून पेट घेतं.